लॅमिनेशनसाठी कागद देण्यापूर्वी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

लॅमिनेशन एकदा झाले की ते काढता येत नाही, ही गोष्ट आम्ही काम हाती घेण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाला सांगतो आणि या पत्रकातही तीच सर्वांत आधी सांगत आहोत. पाउच म्हणजे एका कडेला जोडलेले पॉलिएस्टरचे दोन पारदर्शक पापुद्रे. त्यांच्या आतल्या अंगाला उष्णतेने वितळणाऱ्या चिकट द्रव्याचा थर असतो. मशीनच्या तापलेल्या रोलरमधून, म्हणजे साधारण १०० ते १४० अंश सेल्सिअसमधून, पाउच जाताना हा थर वितळतो, कागदाच्या तंतूंत शिरतो आणि थंड होताच तेथेच घट्ट बसतो. नंतर पापुद्रा ओढून काढू गेल्यास त्याच्याबरोबर कागदाची साल, छपाई आणि शिक्काही निघून येतो.

म्हणून ज्या कागदावर पुढे कधीही सही, शिक्का किंवा नोंद लागण्याची शक्यता आहे, असा मूळ कागद आम्ही लॅमिनेट करत नाही. भागीदारीचा करार, दुकानाची रजिस्ट्री, भाडेकरार, नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र हे सारे कागद या प्रकारात येतात, कारण तपासणाऱ्याला मुद्रांकाचा कागद हाताने चाचपून पाहायचा असतो आणि शिक्का प्लॅस्टिकवर टिकत नाही. असे कागद पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवावेत व रोजच्या वापरासाठी त्यांची झेरॉक्स लॅमिनेट करून घ्यावी.

इंदुरातील काही मराठी कुटुंबे होळकरकालीन मोडी कागद आमच्याकडे घेऊन येतात. आपल्या आजोबा-पणजोबांचा कागद जपावा ही त्यांची तळमळ आम्हांला समजते, आणि तेवढ्यासाठीच आम्ही तो मशीनमध्ये घालण्यास नकार देतो. अभिलेखागारांत जुन्या कागदांसाठी वापरली गेलेली भारतीय पद्धत वेगळी आहे : तीत सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा व टिश्यू कागद उष्णतेशिवाय, ॲसिटोनच्या साहाय्याने बसवला जातो आणि गरज पडल्यास ॲसिटोननेच उतरवता येतो. आमच्या मशीनचे काम तसे नाही.

याउलट, भिंतीवर लावायच्या प्रती लॅमिनेट करणे निश्चितच हिताचे आहे. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या नियमावलीतील नियम १८ प्रमाणे नोंदणीचे प्रमाणपत्र व्यवसायाच्या मुख्य जागी, आणि इतर जागा नोंदलेल्या असल्यास तेथेही, सहज दिसेल असे लावावे लागते. हे प्रमाणपत्र पोर्टलवरून पुन्हा काढता येते, त्यामुळे त्याची छापील प्रत निर्धास्तपणे लॅमिनेट करावी. गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा परवाना) आणि अन्न परवाना यांच्याही प्रतीच द्याव्यात.

थर्मल कागदाविषयी, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापल्या जाणाऱ्या बिलाच्या कागदाविषयी, मात्र आम्ही फार सावध असतो. आमच्या कामाच्या पहिल्या वर्षी एका ग्राहकाने फ्रिजच्या वॉरंटीसाठी जपून ठेवलेले बिल आणले होते. आम्ही ते तपासून न पाहता मशीनमध्ये घातले आणि दुसऱ्या बाजूने ते पूर्ण काळे होऊन बाहेर आले. चूक आमची होती, आणि बिलाची दुसरी प्रत मिळवण्यासाठी आम्ही त्या ग्राहकाबरोबर विक्रेत्याकडे गेलो. तेव्हापासून गुळगुळीत वाटणाऱ्या प्रत्येक बिलाच्या कोपऱ्यावर आम्ही नखाने जोरात एक रेघ ओढून पाहतो. रेघ काळी उमटली तर तो कागद उष्णतेने काळा पडणारा आहे, हे निश्चित होते आणि मग त्याची झेरॉक्सच लॅमिनेट केली जाते. ही परीक्षा आपणही घरी करू शकता.

पाउचची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात आणि आमच्याकडे ती एका बाजूच्या पापुद्र्याची असते. म्हणजे १२५ मायक्रॉनच्या पाउचमध्ये कागदाच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक मिळून २५० मायक्रॉन होते. भिंतीवरच्या कागदाला ८० मायक्रॉन पुरे होते. नाश्त्याच्या दुकानातील मेन्यू कार्ड दिवसभर तेलकट हातांतून फिरते आणि ओल्या फडक्याने पुसले जाते, त्यामुळे त्यासाठी १२५ पेक्षा कमी जाडी घेऊ नये असे आमचे मत आहे. सियागंजातील ज्या व्यापाऱ्यांचे भाव रोज बदलतात, त्यांनी मालाच्या नावांपुढे भावाची जागा कोरी ठेवून चकचकीत लॅमिनेशन करून घ्यावे; त्यावर व्हाइटबोर्ड मार्करने भाव लिहून संध्याकाळी पुसता येतो. पैसे घेण्याच्या क्यूआर कोडवर मात्र ट्यूबलाइटची चमक पडून तो स्कॅन होण्यास अडचण येते, त्यासाठी मॅट, म्हणजे चमक नसलेला, पाउच बरा.

लॅमिनेशनचा टिकाऊपणा कडेवर अवलंबून असतो. कागदाच्या चारही बाजूंना निदान ३ मिलिमीटर प्लॅस्टिक राहिले पाहिजे, कारण तेथे दोन्ही पापुद्रे एकमेकांना थेट चिकटलेले असतात. नीटनेटके दिसावे म्हणून ही कड कागदालगत कापली, तर काही दिवसांतच तेथून पाणी शिरते व पापुद्रा सुटू लागतो. तक्ता दोरीने टांगायचा असल्यास आधी सांगावे. आम्ही कागदाला मोठे छिद्र पाडून मग लॅमिनेट करतो आणि त्या छिद्राच्या मधोमध प्लॅस्टिकला लहान छिद्र पाडतो, म्हणजे भोकाभोवतीही प्लॅस्टिकची कड राहते आणि कागद उघडा पडत नाही. कारखान्यातील यंत्रावर लावायच्या तक्त्यांसाठी ही पद्धत आम्ही आग्रहाने सुचवतो.

पावसाळ्यात कागदात ओल असते. रोलरखाली तिची वाफ होऊन बुडबुडे येतात. त्या दिवसांत आम्ही कागद एक रात्र कोरड्या जागी ठेवून दुसऱ्या दिवशी काम करतो, तेव्हा कृपया एक दिवस हातचा ठेवून यावे. इंकजेटवर काढलेले प्रिंटही शाई पूर्ण वाळल्यावरच आणावेत. साध्या लॅमिनेशनने उन्हात रंग उडणे थांबत नाही, म्हणून रंगीत दरपत्रक काचेच्या दारावर उन्हाच्या बाजूला लावू नये.

कागद घडी न घालता, पिना काढून, सपाट फाइलमध्ये आणावा. घडीची रेघ प्लॅस्टिकखाली अधिकच स्पष्ट दिसते.