त्याला दिवस गेले

"त्याला दिवस गेले" असं मी मोबाईलवर पहिल्यांदा टाईप केलं तेव्हा कीबोर्डने आपणहून "तिला" सुचवलं. मी परत "त्याला" केलं आणि मग विश्रामबागपर्यंत बसमध्ये तेवढाच विचार करत आले, की या वाक्यात व्याकरण कुठंच कुरकुरत नाही. "पोटुशी"चं अडतं, त्याचं पुल्लिंग कुणी केलेलंच नाही, पण "दिवस जाणं" आणि "गरोदर" पुरुषालासुद्धा बिनतक्रार चालतात. भाषा तयार आहे, आपणच कधी वापरली नाही.

तर मी लिहितेय ती गोष्ट ओमेगाव्हर्स रोमान्स आहे, म्हणजे जिथं काही पुरुषांनाही दिवस जातात अशा कल्पित जगातली प्रेमकथा, दोन पुरुषांची. ओंकार सांगलीतल्या एका बँकेत क्लार्क, ओमेगा, म्हणजे त्या जगातला मूल धारण करू शकणारा पुरुष. विश्वजित तासगावकडचा, बेदाण्याच्या व्यापारातला, अल्फा, म्हणजे तिथला वरचढ मानला जाणारा पुरुष. पाच वर्षांपूर्वी ओंकारचं पोट चौथ्या महिन्यात पडलं आणि त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलायचेच बंद झाले, भांडण असं काही नाही, नुसते बंद झाले आणि वेगळे राहायला लागले. आता विश्वजितच्या आजीला हे कुणी सांगितलेलंच नाही, आणि घरात लग्नसराई आलीय, म्हणून दोघांनी महिनाभर जोडपं असल्याचं नाटक करायचं ठरवलंय. वाचायला दिली तर निम्म्या जणींनी "हे कुठून काढलंस गं" विचारलं, उरलेल्या निम्म्या आधीच कोरियन वेबटून, म्हणजे मोबाईलवरच्या चित्रकथा, वाचून बसलेल्या होत्या. पहिल्या निम्म्यांसाठी ही मागची हकिकत.

सुरुवात लांडग्यांपासून करावी लागते. 1947 मध्ये रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बेसलच्या प्राणीसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं, त्यातून कळपात वरचढ कोण, दबलेला कोण अशी उतरंड पुढं आली आणि वरच्याला अल्फा म्हणायची सवय लागली. 1970 मध्ये डेव्हिड मीच यांच्या पुस्तकाने ती सगळीकडे पोचवली. पुढं मीच स्वतःच कॅनडाच्या उत्तरेला एल्समीअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं बघत बसले, आणि 1999 च्या लेखात त्यांनी सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, अल्फा वगैरे काही नाही, ते नुसते आईबाप असतात. पिंजऱ्यात एकमेकांना न ओळखणारे लांडगे कोंडून जे दिसलं त्यावरून कळपाचा नियम काढणं म्हणजे रात्री शेवटची एसटी चुकलेली माणसं स्टँडवर बघून मराठी कुटुंबं अशी असतात असं म्हणण्यासारखं झालं. पण तोवर शब्द निसटले होते, मॅनेजमेंटच्या पुस्तकात गेले, जिममधल्या पोरांच्या तोंडी गेले, आणि एका कोपऱ्यात रोमान्स लिहिणाऱ्या बायकांच्या हाती लागले. या शेवटच्यांनी त्यांचं सगळ्यात मजेशीर काहीतरी केलं असं माझं मत.

या बायका नवीन नव्हत्या. 1967 मध्ये स्टार ट्रेक या अंतराळातल्या अमेरिकन मालिकेच्या एका भागात दाखवलं की स्पॉकच्या जमातीतल्या पुरुषांना मधूनमधून असा काळ येतो की जोडीदार मिळाला नाही तर जीव जाईल. एवढा शांत, गणिती माणूस आणि शरीरापुढं हतबल, हे बघून चाहत्यांच्या डोक्यात काय काय आलं असेल ते सांगायला नको. 1974 मध्ये एका छापील फॅनझीनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या मासिकात, त्याच मालिकेतला कप्तान कर्क आणि स्पॉक यांची पहिली प्रेमकथा आली, अगदी आडून आडून, नावंसुद्धा न घेता. दोन नावांच्या मधल्या तिरक्या रेघेवरून या प्रकाराला स्लॅश म्हणायला लागले. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, आणि विषय दोन पुरुष. मी का लिहिते असं मला कुणी विचारलं की मी हेच सांगते, पन्नास वर्षांची वहिवाट आहे बाई.

ओमेगाव्हर्स खऱ्या अर्थाने जमलं ते 2010 च्या सुमाराला, भुतंखेतं मारत फिरणाऱ्या दोन भावांच्या सुपरनॅचरल या अमेरिकन मालिकेच्या चाहत्यांत. लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटवर निनावी फर्माईश टाकायची, दुसऱ्या कुणीतरी त्यावर गोष्ट लिहायची, असा तो खेळ. तिथं लांडग्यांचे अल्फा, बीटा, ओमेगा, स्पॉकच्या धर्तीवरचा माजाचा काळ, वासावरून जोडीदार ओळखणं, मानेवर चावा घेऊन कायमचं बांधलं जाणं आणि पुरुषाचं गरोदरपण हे सगळं एका भांड्यात पडलं. एक मालक नाही, कुणी आपापल्या मापाने मीठ घालावं. पुढं 2018 मध्ये अमेरिकेत दोन लेखिकांमध्ये याच मसाल्याच्या कॉपीराईटवरून जुंपली आणि प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा जुन्या लोकांची हसून पुरेवाट झाली असणार, कारण मुळात उसनवारीवर चाललेलं दुकान.

मधे अजून एक घडलं. 2007 मध्ये लाइव्हजर्नलने एका झटक्यात शेकड्याने खाती उडवली, त्यात चाहत्यांचं लिखाण गेलं, तेव्हा दुसऱ्याच्या जागेत भाडेकरू राहण्यापेक्षा आपली जागा बांधू म्हणून लोकं उठली आणि नोव्हेंबर 2009 मध्ये आर्काइव्ह ऑफ अवर ओन हा चाहत्यांच्या गोष्टींचा ना-नफा ऑनलाइन संग्रह सगळ्यांसाठी सुरू झाला. 2019 मध्ये त्याला ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कारही मिळाला. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती टॅगची पद्धत. गोष्टीच्या वरच लिहिलेलं असतं, यात फेक डेटिंग (जोडपं असल्याचं नाटक) आहे, यात गर्भ जातो, शेवट गोड आहे. जिच्याबाबतीत हे नुकतंच घडलंय ती बाई तिथंच थांबू शकते, किंवा मुद्दाम तेच शोधून वाचू शकते. आणि शोधून वाचणाऱ्या खूप असतात.

तिकडं जपानात पोरांच्या प्रेमाच्या मांगा, म्हणजे चित्रकथा, बायका 1970 पासूनच काढत होत्या, त्यांनी ओमेगाव्हर्स उचललं आणि त्याला वेगळं वळण दिलं, नशिबाने ठरलेली जोडी, ओमेगा म्हणून नोकरी न मिळणं, घराण्याचा दबाव. हे वळण आपल्याला फार लवकर कळतं. जातीपातीत, कुळाशिळात वाढलेल्या माणसाला "जन्मावरून दर्जा ठरतो" हे समजावून सांगावं लागत नाही.

पुरुषाच्या पोटी मूल ही गोष्टही आपल्याकडे नवी नाही. राजा युवनाश्वाने राणीसाठी मंतरलेलं पाणी चुकून स्वतः प्यायलं आणि त्याची कूस फोडून मांधाता जन्मला, महाभारतात आहे. आणि सांबाला गरोदर बाईचं सोंग देऊन ऋषींची चेष्टा करायला गेलेले यादव, त्यातून निघालेलं मुसळ आणि कुळाचा नाश, तेही तिथंच. एक खरं गरोदरपण, एक खोटं.

पण मला खरी गंमत सांगलीचीच वाटते. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर इथंच केलं, पटवर्धन सरकारांच्या आश्रयाने, आणि सीता अर्थातच पुरुष. पुढची कितीतरी दशकं मराठी स्टेजवर लाजणारी, रुसणारी, रडणारी प्रत्येक बाई साधारण पुरुषाच्या अंगातून आली. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचं नाव ज्यांच्यामुळं घेतलं जातं ते बालगंधर्व, त्यांच्यासारखं नऊवारी नेसायला बायका शिकत होत्या. आणि सांगलीच्याच खाडिलकरांचं मानापमान घ्या. धैर्यधर गरीब म्हणून भामिनी त्याला झिडकारते, मग स्वतःच गरीब वनमाला बनून त्याच्या पुढ्यात जाते आणि सोंग करता करता खरंच प्रेमात पडते. फेक डेटिंग आणि सेकंड चान्स (तुटलेलं परत जुळणं), दोन्ही ट्रोप, म्हणजे गोष्टींचे ठरलेले साचे, एका नाटकात, 1911 साली, भामिनीच्या साडीत एक पुरुष. त्या नाटकाचा पहिला प्रयोग 12 मार्च 1911 ला मुंबईत होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग त्यांनी थांबवला नाही. ही गोष्ट आपल्याकडे कर्तव्यनिष्ठेची म्हणून सांगतात, शाळेत आम्हालाही तशीच सांगितली. मला आता ती वाचताना एवढंच दिसतं की एक बाप मेकअपला बसलाय, लुगडं नेसतोय, आणि त्याला रडायचं असेल तर ते भामिनीचं रडणं म्हणूनच रडायला लागणार.

नंतर आलं 1988, अशी ही बनवाबनवी. भाड्याच्या खोलीसाठी दोघं मित्र बायका होतात, जोडपी खोटी, त्यातल्या पार्वतीचं म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंचं गरोदरपण खोटं, आणि तिच्या डोहाळजेवणाला "कुणीतरी येणार येणार गं" हे गाणं. आज सांगली, मिरज, इस्लामपूर, कुठंही खऱ्या डोहाळजेवणाला जा, फुलांचा मुकुट घालून झोपाळ्यावर बसलेल्या खऱ्या गरोदर पोरीपुढं स्पीकरवर तेच गाणं लावतात. ते मूळचं गरोदर बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाचं आहे हे कुणाच्या ध्यानात नसतं. मग माझ्या ओंकारचंच तेवढं विचित्र कसं काय?

कायद्याचं थोडक्यात. जुन्या दंड संहितेचं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम 1860 चं, "निसर्गक्रमाविरुद्ध" हा त्यातला शब्द. 2009 मध्ये दिल्ली हायकोर्टाने संमतीच्या संबंधांपुरतं ते बाजूला केलं, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने परत आणलं, 6 सप्टेंबर 2018 ला परत काढलं, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये लग्नाच्या हक्काला नाही म्हणलं. ओमेगाव्हर्स लिहिणाऱ्याला ही सगळी भानगड करावी लागत नाही, तो निसर्गक्रमच बदलून टाकतो. काही जणींना ही पळवाट वाटते, खऱ्या समलिंगी माणसांचं यात काय राहिलं असं विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे, मी त्याला उत्तर देऊन मोकळी होणार नाही.

आता मूल जाण्याचं, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. डॉक्टरांच्या हिशोबाने कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते पंधरा आपोआप जातात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातही बऱ्याच वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड असते, कुणी जिना चढल्याने किंवा पपई खाल्ल्याने नाही. इतकं सर्रास, तरी आपल्याकडे त्याला धड शब्द नाही. गर्भपात म्हणलं तर पाडलं की पडलं ते कळत नाही. घरात "खाली झालं" म्हणतात, "राहिलं नाही" म्हणतात, नाहीतर मिसकॅरेज.

माझ्या वहिनीचं असं झालं तेव्हा डिस्चार्ज कार्डवर "इन्कम्प्लीट ॲबॉर्शन" लिहिलेलं होतं. डॉक्टरी भाषेत आपोआप जाण्यालाही ॲबॉर्शनच म्हणतात, पण ते तिला कुणी सांगितलं नाही. ती ते कार्ड दोन दिवस उशीखाली ठेवून होती, कुणी वाचलं तर काय म्हणेल म्हणून, आणि मग मला म्हणाली, "मी काय केलं नाही गं, यांनी असं का लिहिलंय?" दादा त्या दिवसभर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून होता. मांडीवर चादरीची पिशवी, हातात शहाळं, त्यात स्ट्रॉ खोचलेली. शहाळं संध्याकाळपर्यंत तसंच. आलेल्या प्रत्येकाने त्याला एकच विचारलं, "वहिनी कशी आहे?" दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

1961 च्या प्रसूतीलाभ कायद्यापासून सव्वीस आठवड्यांपर्यंत गर्भ गेला तर बाईला सहा आठवडे भरपगारी रजा आहे, तीही सगळ्यांना माहीत नसते. पुरुषाला त्यासाठी काही नाही. मी ओंकारला बँकेतून ती बेचाळीस दिवसांची रजा दिली, त्याच्या जगात कायदा तसाच असणार, आणि विश्वजितला दिली नाही. दोघांमधली फट मला तिथं सापडली. एकाचं शरीर रिकामं झालंय, त्याला रजा आहे, नारळपाणी आहे, शेजारच्या काकूंचा डिंकाचा लाडू आहे. दुसरा मार्केटला बेदाण्याच्या सौद्याला उभा आहे आणि त्याला वाटतंय की रडायचा हक्क पोट ज्याचं त्याचा. ओंकारला वाटतंय याला काहीच वाटलं नाही. दोघंही पुरुष असल्यामुळं "बायका हळव्या असतात" हे सोयीचं वाक्य तिथं कुणाला वापरताच येत नाही, आणि म्हणून मला ओमेगाव्हर्स लागलं. बाईपुरुषाची जोडी घेऊन लिहायला गेले तेव्हा दर वेळी ती आमच्याच घराची गोष्ट व्हायची आणि मी दादाकडे बघायचं विसरायचे.

परत एकत्र येण्याचं म्हणाल तर मानेवरचा चावा सुटत नाही हा त्या जगाचा नियम. आपल्याकडे जुन्या रिवाजात काडीमोड होती, पंचांपुढं काडी मोडली की संबंध संपला. मी दोन्ही ठेवलंय. विश्वजितने पाच वर्षांपूर्वी खरोखरची काडी मोडली, हरिपूरला संगमाच्या घाटावर, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं, आणि ओंकारच्या मानेवरची खूण मात्र पाऊस लागला की दुखते.

सध्या सातवा भाग लिहितेय. लग्नघरात विश्वजितच्या चुलतबहिणीचं डोहाळजेवण आहे. आजीने दोघांना पुढच्याच खुर्च्यांवर बसवलंय, जोडीने ओटी भरा म्हणून. झोपाळा सजलाय, पेढा आणि बर्फी वाट्यांखाली झाकलेली, भडंगाच्या प्लेटा फिरतायत, आणि कुणीतरी पोरगं मोबाईल स्पीकरला जोडून ते गाणं लावतं. ओंकार सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवतो. दुसऱ्या कडव्याला विश्वजित उठतो, फोन आल्यासारखं करतो आणि मागच्या दाराने न्हाणीघराकडे जातो. फोन आलेला नाही हे ओंकारला दिसतं, कारण तो त्याच्या शेजारीच खुर्चीवर पडलेला आहे.