बांधावरून नकाशात आणि नकाशातून बांधावर

गोव्यातल्या खाजनाचा, म्हणजे बांध घालून खाडीकाठी मिळवलेल्या शेतजमिनीचा, बांध फुटला की भरतीचं खारं पाणी शेतात शिरतं आणि ती जमीन लवकर पीक देत नाही. म्हणून दुरुस्तीची घाई असते, आणि दुरुस्तीआधी नकाशा लागतो. बांध कुठून कसा वळतो, मानस (पाणी आत-बाहेर सोडणारं दार) कुठे आहे, भगदाड केवढं आहे, हे सगळं त्यात यावं लागतं. हातात जीपीएस घेऊन बांधावरून चालत गेलं की यंत्र दर काही सेकंदांनी आपली जागा टिपत जातं. मग ती फाईल म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या एखाद्या ड्राफ्ट्समनकडे जाते. तो ती बिंदूंची यादी ऑटोकॅड या आराखडे काढायच्या प्रोग्राममध्ये घेतो, आणि अर्धा किलोमीटर लांबीच्या बांधाऐवजी पडद्यावर एक ठिपका उमटतो.

फाईल बिघडलेली नसते. जीपीएस जागा सांगतो ती अंशांत. पणजी म्हणजे सुमारे १५.४९९ उत्तर अक्षांश आणि ७३.८२८ पूर्व रेखांश. ऑटोकॅडला पृथ्वी गोल आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच्यासमोर एक सपाट, अमर्याद कागद असतो आणि त्यावर एक्स आणि वाय अशी दोन मापं. अंश तसेच त्या कागदावर ठेवले तर तेरेखोलपासून पोळेपर्यंतचा अख्खा गोवा एका युनिटच्या चौकोनात मावतो. ६०० मीटरचा बांध त्यात ०.००५ युनिट भरतो.

काही जण तो ठिपका ताणून मोठा करतात आणि एक लांबी टेपने मोजून जुळवतात. हे करू नये. गोव्याच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०७.३ किलोमीटर. उत्तर-दक्षिण लांबी जुळवली की पूर्व-पश्चिम लांबी किलोमीटरमागे तीसेक मीटरनी वाढलेली निघते. नदीबरोबर वळणं घेणाऱ्या बांधाचे कोनही बिघडतात, आणि मातीकामाचा हिशोब त्या लांबीवरच होतो.

अंशांचे मीटर करायचे तर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत, लागतं. आपल्याकडे बहुधा यूटीएम वापरतात. त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे पाडलेले आहेत. गोवा ४३व्या पट्ट्यात येतो, ७२ ते ७८ अंश पूर्व. मधल्या ७५ अंशांच्या रेषेला ५,००,००० मीटर हा आकडा दिलेला आहे, आणि गोवा तिच्या पश्चिमेला असल्यामुळे इथल्या प्रत्येक जागेचा पूर्वेचा आकडा पाच लाखांच्या खालीच येतो. पणजीचा येतो साधारण ३,७४,०००, आणि विषुववृत्तापासून मोजलेला उत्तरेचा आकडा साधारण १७,१३,९००. गोव्यात काम करणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं: पूर्वेचा आकडा साडेतीन ते साडेचार लाखांत, उत्तरेचा साडेसोळा-साडेसतरा लाखांच्या आसपास. याच्या फार बाहेर काही दिसलं तर तिथेच थांबावं.

थांबवणाऱ्या चुका ठरलेल्या असतात. अक्षांश आधी लिहायची रीत आहे, पण कागदावर आडवा एक्स म्हणजे रेखांश. अदलाबदल झाली की आपला बांध नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतो. ही चूक निदान लगेच दिसते. १५ अंश ३० मिनिटं हे १५.३० असं लिहिणं जास्त घातक, कारण ते १५.५ असायला हवं आणि फरक २२ किलोमीटरचा पडतो, तोही गोव्यातल्या गोव्यात. आणि बांधावरच्या नोंदी भरती-ओहोटीच्या वेळेशी जुळवायच्या असतील तर लक्षात ठेवा, जीपीएक्स (जीपीएसच्या नोंदींच्या) फाईलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात.

आकडे मीटरमध्ये आले तरी ते कोणत्या पृथ्वीवरचे, हा प्रश्न उरतोच. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या संदर्भावर चालतो. भारतीय सर्वेक्षणाचे जुने टोपोशीट (भूरूप नकाशे) मात्र १८३०च्या एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका गणिती मॉडेलवर, आखलेले होते. २००५च्या नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएमवर आले, पण जुन्या शीटवरून उतरवलेले आराखडे अजून वापरात आहेत. गोव्यात या दोन संदर्भांमधला फरक शंभर मीटरहून अधिक आहे. तेवढ्यात व्हाळाच्या (ओढ्याच्या) एका काठावरचा मानस दुसऱ्या काठावर जातो.

या ठिकाणी डीएक्सएफ फाईलची मर्यादा आडवी येते. १९८२ साली ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलेला हा फाईल प्रकार आजही बहुतेक सगळे प्रोग्राम वाचतात. तो साध्या मजकुराचा असल्यामुळे नोटपॅडमध्येही उघडतो. १० या खुणेखाली एक्स, २० खाली वाय, ३० खाली उंची, ८ खाली लेयरचं (आराखड्यातल्या थराचं) नाव. पण हे आकडे कुठल्या संदर्भावरचे, हे त्या फाईलमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. घराचा नंबर कळवला आणि गाव-वाडा कळवलाच नाही, असा तो प्रकार आहे. म्हणून फाईल देणाऱ्याने तिच्या नावातच पट्टा आणि संदर्भ लिहावा. रूपांतरासाठी क्यूजीआयएस हा मोफत प्रोग्राम पुरतो. तो जीपीएक्स वाचतो, संदर्भ विचारतो आणि डीएक्सएफ काढून देतो. जीपीएसबॅबल वेगवेगळ्या यंत्रांच्या फाईली एकमेकींत बदलून देतो.

उलटा प्रवास अधिक अवघड आहे. इंजिनीअरने बांधाची नवी आखणी केली, आता ती जागेवर खुणावायची आहे. पण त्याचा आराखडा शून्य-शून्यपासून सुरू होतो, कागदावर नीट बसावा म्हणून तिरका फिरवलेला असतो, आणि कधी मीटरऐवजी मिलिमीटरमध्ये असतो. त्याला पृथ्वीवर बसवायला जागेवरही आणि आराखड्यातही असलेले किमान दोन बिंदू लागतात. दोन बिंदूंवरून सरकवणं, फिरवणं आणि मोठं-लहान करणं ठरतं. ऑटोकॅडमधली अलाइन ही आज्ञा हेच करते. मला मात्र तिसरा बिंदू सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन बिंदू नेहमीच जुळतात, चुकीचे असले तरी. काही चुकलं आहे का, हे तिसराच सांगतो.

हे बिंदू निवडताना घाई करू नये. रस्त्याखालच्या मोरीचा कोपरा, मानसाच्या दगडी बांधकामाची कड, जुना क्रूस किंवा तुळशीवृंदावन चालतं. गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) चालत नाही, कारण तो दर काही वर्षांनी पुन्हा रचला जातो आणि थोडा सरकतो. नदीचा काठ तर कधीच नाही. बिंदू एकमेकांपासून शक्य तितके लांब असावेत. साध्या हँडहेल्ड जीपीएसने ५० मीटर अंतरावरचे दोन बिंदू घेतले आणि त्यातला एक चार मीटर चुकला, तर दिशा साडेचार अंशांनी फिरू शकते, आणि ५०० मीटर पुढे आखणी ४० मीटर बाजूला जाते. दिशेचं आणखी एक आहे. आराखड्यावरचा उत्तरेचा बाण खऱ्या उत्तरेकडे असेल तर यूटीएमची उत्तर तिच्याशी जुळत नाही. पणजीजवळ हा फरक अंशाच्या तिसऱ्या भागाएवढा, म्हणजे किलोमीटरला साडेपाच मीटर. लांबीतही थोडा फरक राहतो: यूटीएमवरचं अंतर पणजीत टेपच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे सुमारे २० सेंटिमीटर कमी भरतं. मातीच्या बांधाला ते चालेल, पुलाच्या खांबांना नाही.

आराखड्यातून बाहेर पडताना काही गोष्टी गळतात. कॅडमधली वक्र रेषा जीपीएक्समध्ये जात नाही. आधी तिचे छोटे सरळ तुकडे करावे लागतात, नाहीतर वळण कापलं जाऊन सरळ रेघ उरते. लेयर आणि रंग जातात, बंदिस्त क्षेत्राची नुसती रेघ होते.

अचूकतेबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. मोकळ्या आकाशाखाली हँडहेल्ड जीपीएस किंवा मोबाईल तीन ते पाच मीटरपर्यंत जागा सांगतो, दाट माडा-पोफळींखाली त्याहून वाईट. ऑटोकॅडमध्ये तोच बिंदू आठ दशांश स्थळांनी दिसतो आणि पाहणाऱ्याचा विश्वास बसतो. ३०० चौरस मीटरचा प्लॉट म्हणजे १५ बाय २० मीटर. त्याच्या हद्दीवर चार मीटरची शंका घेऊन शेजाऱ्याशी भांडायला जाणं अन्यायाचं आहे. हद्दीसाठी बेस (स्थिर यंत्र) आणि रोव्हर (फिरतं यंत्र) असलेली आरटीके पद्धत किंवा भारतीय सर्वेक्षणाच्या कॉर्स, म्हणजे कायम चालू असणाऱ्या, केंद्रांकडून मिळणारी दुरुस्ती वापरावी. तिथे चूक काही सेंटिमीटरवर येते. हँडहेल्डचे बिंदू वेगळ्या लेयरवर ठेवावेत आणि लेयरच्या नावात तसं लिहावं.

राहिली उंची, आणि खाजनात तर तीच मुख्य. जीपीएस मूळ उंची मोजतो ती गणिती लंबगोलापासून. समुद्राची सरासरी पातळी त्या लंबगोलाशी जुळत नाही. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती त्याच्या १०० मीटरहून अधिक खाली जाते, आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही ५० मीटरहून जास्त खाली आहे. म्हणून रोव्हरच्या फाईलमध्ये बांधाचा माथा उणे आकड्यात दिसला तर यंत्र बिघडलेलं नाही. जिऑइडची, म्हणजे लंबगोल आणि समुद्रपातळी यांतल्या फरकाची, दुरुस्ती लावली की आकडा समुद्रसपाटीजवळ येतो. हँडहेल्ड ही दुरुस्ती साधारणपणे स्वतःच लावतो, पण त्याची उभी चूक आडव्या चुकीहून मोठी असते, आणि भरतीचं पाणी माथ्यावरून जाणार की नाही हे काही सेंटिमीटरवर ठरतं. तेव्हा माथ्याची पातळी जवळच्या बेंचमार्कपासून (उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून) ऑटो लेव्हल या पातळी मोजायच्या यंत्रानेच आणावी, दर वीस-पंचवीस मीटरवर आणि मानसाच्या उंबऱ्यावर घ्यावी, आणि डीएक्सएफ काढण्याआधी हँडहेल्डच्या उंचीचा रकाना पुसून तिथे हे आकडे भरावेत.