मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून खरोखर काढले होते का?

प्रख्यात अमेरिकी बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढून टाकले होते, ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते. परंतु ती तशी घडलेली नाही. १९७८ साली नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन शहराच्या लेनी हायस्कूलमध्ये जॉर्डन दहावीत होता आणि त्याची उंची जेमतेम ५ फूट १० इंच होती. अमेरिकी शाळांत वरिष्ठ आणि कनिष्ठ असे दोन संघ असतात, आणि दहावीतील मुलांनी कनिष्ठ संघातून खेळणे ही तिथली नेहमीची रीत आहे. त्या वर्षी वरिष्ठ संघाला उंच खेळाडूची निकड असल्यामुळे दहावीतल्या, पण सुमारे साडेसहा फूट उंचीच्या लिरॉय स्मिथला तिथे घेतले गेले, तर जॉर्डनला कनिष्ठ संघात जागा मिळाली आणि तो त्या संघाचा प्रमुख खेळाडू ठरला.

वरिष्ठ संघाच्या यादीत नाव न दिसल्याचे जॉर्डनचे दुःख मात्र खरे होते. २००९ साली बास्केटबॉलमधील थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या ‘हॉल ऑफ फेम’च्या सोहळ्यातील भाषणातही त्याने स्मिथचा उल्लेख केला. तरीही ‘काढून टाकले’ हा शब्दप्रयोग शाळेच्या प्रशिक्षकांवर अन्याय करणारा आहे, असे मला ठामपणे वाटते. कारण त्यांनी एका होतकरू मुलाला बाकावर बसवून ठेवण्याऐवजी रोज खेळण्याची संधी दिली, आणि पुढच्याच वर्षी तो वरिष्ठ संघात आला.