डाव्या पायडलचे उलटे आटे

ऑनलाइन मागवलेली सायकल घरी येते ती लांबट, चपट्या खोक्यातून. मागचं चाक, चेन, क्रँक (पायडल ज्याला जोडतात तो दांडा), गिअर हे सगळं जागच्या जागी असतं. पुढचं चाक सुटं, हँडल आडवं करून फ्रेमला बांधलेलं, पायडलं आणि सीट एका पिशवीत. विकणारे सांगतात, की ८५ टक्के जोडणी झालेलीच आहे, उरलेलं काम अर्ध्या तासाचं. अर्धा तास खरा आहे. पण त्या १५ टक्क्यांत काय येतं ते बघा: हँडल, पुढचं चाक, पुढचा ब्रेक आणि ज्यांच्यावर सगळा भार टाकून चढ चढायचा ती पायडलं. सुटले तर माणूस तोंडावर आपटेल असे बहुतेक सांधे कारखान्याने आपल्यावर सोपवलेले असतात. दुकानातून जोडून आणलेल्या सायकलीतही ते कुणीतरी घाईत आवळलेले असू शकतात. म्हणून नवी सायकल जुनीपेक्षा जास्त बारकाईने तपासावी, असं माझं मत आहे. जुनी निदान चालून सिद्ध झालेली असते.

सुरुवात पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यापासून (फोर्कपासून) करू. खोक्यात जागा वाचावी म्हणून काही सायकलींचा चिमटा मागे फिरवून ठेवलेला असतो. तो तसाच राहू देऊन वर हँडल बसवलं तर सायकल दिसते बरी आणि चालतेसुद्धा. अशा उलट्या चिमट्याच्या सायकली रस्त्यावर सर्रास दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. चिमट्याचं खालचं टोक पुढे झुकलेलं हवं. रिम ब्रेक असतील तर पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे. डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर, म्हणजे चकतीला पकडणारा भाग, चिमट्याच्या डाव्या पायावर, मागच्या अंगाला.

यात बिघडतं काय? हँडल ज्या तिरक्या अक्षाभोवती फिरतं तो अक्ष मनातल्या मनात जमिनीपर्यंत खाली वाढवा. तो टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे जमिनीला लागतो. हे अंतर साधारण ५ ते ७ सेंटिमीटर असतं आणि सायकल हाताला किती हलकी किंवा जड लागते हे बरंचसं त्यावर ठरतं. चिमटा उलटा झाला की हेच अंतर दुपटीहून जास्त, म्हणजे १६-१७ सेंटिमीटरपर्यंत जातं. हँडल आळशी होतं, चाक मागे सरकतं आणि वळताना बुटाचं टोक टायरला घासतं. सायकल स्वतःला सावरते ती केवळ या अंतरामुळे किंवा चाकाच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळे, असं पूर्वी शिकवलं जायचं. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ही दोन्ही कारणं काढून टाकलेली एक छोटी दुचाकी बनवली आणि ती तरीही स्वतःहून तोल सावरत गेली. वजन कुठे, किती उंचीवर आहे, यालाही महत्त्व असतं. एकच कारण पुरत नाही, हे या विषयातलं माझं सर्वात आवडतं उत्तर. चिमटा मात्र सरळच बसवायचा.

आता पायडलं. दोन्हींवर एल आणि आर ही रोमन अक्षरं कोरलेली असतात, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं: दोन्ही बाजूंना पान्याचं टोक वरून पुढच्या चाकाच्या दिशेने नेलं की पायडल घट्ट होतं. आधी पान्याला हात लावूच नये. आट्यांवर थोडं ग्रीस लावून पायडल बोटांनी फिरवावं. दोन-तीन फेरे सहज गेले तरच आटे नीट जुळलेत. क्रँक ॲल्युमिनियमचा आणि पायडलची दांडी पोलादी, त्यामुळे जबरदस्ती केली तर पोलाद जिंकतं. आटे गेलेला क्रँक सहसा बदलावाच लागतो.

पण उलटे आटे कशासाठी? बहुतेकांना वाटतं, की पायडल फिरताना छर्ऱ्यांच्या घर्षणाने दांडी फिरून सैल पडू नये म्हणून. कागदावर नीट मांडून पाहा. उजव्या बाजूने बघताना क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतो, पायडल मात्र तळव्याखाली आडवंच राहतं. म्हणजे क्रँकच्या हिशोबाने ते उलट्या दिशेने फिरतंय. घर्षण दांडीला त्याच उलट्या दिशेला ओढणार आणि उजव्या बाजूचे साधे आटे उघडणार. घर्षण हेच कारण असतं तर उलटे आटे उजवीकडे द्यावे लागले असते!

खरं कारण पाहायला एक पेन्सिल पुरे. डाव्या हाताच्या मुठीचं सैल कडं करा आणि त्यात पेन्सिल घाला. तिचं टोक दुसऱ्या हाताने हलकेच धरून पेन्सिल कड्याच्या आतल्या बाजूला टेकवत गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने गरगरते. पायडलच्या दांडीचं तसंच आहे. आटे कितीही घट्ट असले तरी दांडी आणि भोक यांच्यात सूक्ष्म फट उरते. पायाचा जोर खाली, क्रँक मात्र फिरता. त्यामुळे दांडी भोकाच्या ज्या बाजूवर दाबली जाते ती बाजू सतत सरकत राहते आणि दांडी आत लोळत लोळत थोडी थोडी फिरते. तिची दिशा घर्षणाच्या उलट असते आणि तिचा जोरही घर्षणापेक्षा जास्त. या फिरण्याने पायडल सुटण्याऐवजी घट्ट व्हावं यासाठी उजवीकडे साधे आणि डावीकडे उलटे आटे लागतात. विमानाच्या नादाला लागण्याआधी राईट बंधू अमेरिकेत डेटन इथे सायकली बनवत आणि १९०० च्या सुमाराला आपल्या सायकलींना असं न सुटणारं पायडल बसवत. या रचनेचा एक उपफायदाही आहे. छर्रे गंजून पायडल अडकलंच तर घर्षण बेसुमार वाढतं, लोळण्यावर मात करतं आणि पायडल सुटून येतं. नाहीतर घोटा पिरगाळला असता.

पायडल आवळायला साधारण ३५ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) लागतो. २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे १८ किलोचा जोर दिला की तेवढं होतं. याउलट हँडल धरणाऱ्या स्टेमच्या छोट्या बोल्टांना ५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं (नेमका आकडा बहुतेक वेळा स्टेमवरच छापलेला असतो). म्हणजे १० सेंटिमीटरच्या ॲलन कीवर ५ किलोचा जोर. सगळे बोल्ट एकाच ताकदीने आवळणारा माणूस एक तर पायडल ढिलं ठेवतो किंवा स्टेमचे आटे खातो.

हा ५ किलोचा जोर आत जाऊन काय करतो ते पाहण्यासारखं आहे. ५ मिलिमीटर जाडीचा बोल्ट एवढा आवळला की तो जवळपास ५०० किलो वजनाएवढ्या बलाने दोन भाग एकमेकांवर दाबतो. हे बल येतं बोल्टच्या ताणातून. आवळलेला बोल्ट रबरासारखा लांबतो, फक्त फार थोडा: अशा आखूड बोल्टच्या बाबतीत मिलिमीटरचा सुमारे पन्नासावा भाग. आपलं हँडल या एवढ्याशा ताणावर उभं असतं. हा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

नव्या पद्धतीच्या स्टेमला वर टोपी असते आणि तिच्यात एक बोल्ट. हँडल हलतंय म्हणून लोक तोच आवळत सुटतात. त्याचं काम फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढण्यापुरतं. हँडल धरून ठेवतात ते स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: बाजूचे ढिले करा, वरचा हलकेच आवळा, हँडल चाकाशी काटकोनात आणा, मग बाजूचे दोन्ही आळीपाळीने आवळा. तपासायला पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हेडसेटवर, म्हणजे हँडलखालच्या त्या बेअरिंगवर, ठेवलेल्या बोटांना टक्‌टक् जाणवली तर ढिलाई शिल्लक आहे. नंतर पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहा. ते फिरता कामा नये.

चाकाला नट असतील तर गोष्ट सरळ आहे. क्विक रिलीजची (पान्याशिवाय चाक काढता येण्यासाठीची) दांडी असेल तर ती नटासारखी फिरवून आवळायची नसते, कब्ज्यासारखी मिटायची असते. अर्ध्यावर आल्यावर ती अडू लागली पाहिजे आणि पूर्ण मिटताना तळहातावर ठसा उमटला पाहिजे. २०१५ मध्ये एका मोठ्या कंपनीने अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे १० लाख सायकली परत बोलावल्या, कारण नीट न मिटलेली दांडी पुढच्या डिस्कमध्ये अडकू शकत होती.

सीटबद्दल थोडक्यात. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला नेलं की पाय सरळ व्हावा. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात योग्य बाक राहतो. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली घेणं शिकण्यापुरतं ठीक, रोजच्या प्रवासाला गुडघ्यांवर अन्याय. आणि सीटच्या नळीवरची किमान खोलीची रेघ कधीही बाहेर दिसू देऊ नये.

हवेचा आकडा टायरच्या कडेलाच छापलेला असतो. ७५ किलोचा माणूस आणि १५ किलोची सायकल धरा. मागच्या चाकावर सुमारे ५४ किलो येतात. टायरमध्ये ५० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो हवा असेल तर टायर जेमतेम १५ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा निम्मी केली की ही जागा दुप्पट होते. टायर दबतो, खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पेट्रोल पंपावरची हवा मात्र जपून भरावी. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा इतकी कमी असते, की मोटारींसाठीचा तो कॉम्प्रेसर काही सेकंदांत ती फोडू शकतो.

आता ब्रेक. आधी कुठली मूठ कुठल्या चाकाची ते पाहून घ्या. आपल्याकडे सहसा उजवीकडे पुढचा ब्रेक असतो, पण युरोप-अमेरिकेच्या पद्धतीने जोडलेल्या सायकलींत तो डावीकडे येतो. रिम ब्रेकचे रबर रिमवरच दाबले गेले पाहिजेत. टायरला घासले तर तो कापला जातो, खाली घसरले तर चाकाच्या तारांत (स्पोक्समध्ये) जातात.

‘पुढचा ब्रेक लावू नको, उलटशील’ हे लहानपणी प्रत्येकाला सांगितलेलं असतं. ते अर्धवट सत्य आहे. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाची पकडही कमी, म्हणून केवळ मागच्या ब्रेकवर सायकल गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम पाव पट वेगाने मंदावते. त्याहून जोर लावला तर चाक अडकून घसरतं. पुढच्या ब्रेकने सपाट, कोरड्या रस्त्यावर अर्ध्या पटीपर्यंत जाता येतं. उलटण्याची हद्द त्याच्या किंचित पुढे आहे. ताशी २० किलोमीटर वेग असेल तर पुढच्या ब्रेकने साधारण ३ मीटरमध्ये थांबता येतं, फक्त मागच्याने ६ मीटर लागतात; कुत्रं आडवं आल्याचं ध्यानात येऊन बोटं हलेपर्यंत सेकंदभर गेला तर आणखी साडेपाच मीटर. उलटतात ते बहुधा घाबरून एकदम मूठ आवळणारे. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा क्रमाक्रमाने वाढवत, ढुंगण सीटवर मागे सरकवत आणि हात ताठ ठेवून, असा सराव मोकळ्या मैदानात करावा. वाळू, शेण, ओल्या पांढऱ्या पट्ट्या किंवा गटाराचं लोखंडी झाकण यांवर मात्र पुढचा ब्रेक नको. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

नवा डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी जवळजवळ निकामी वाटतो. पॅडचा पातळ थर चकतीवर सारखा बसला, की मगच तो नीट धरतो. त्यासाठी ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊन, पूर्ण न थांबता, चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, असं वीसेक वेळा करावं. चकतीला बोट लावू नये आणि चेनला तेल फवारताना चकतीवर थेंबही उडू देऊ नये. ब्रेक असा वीसेक वेळा लावून बसवल्याशिवाय घाटात तर जाऊच नये. ९० किलोचा भार ३०० मीटर खाली उतरवताना सुटणारी ऊर्जा पाऊण लिटर गार पाणी उकळायला पुरेशी असते. हवेचा अडथळा जे घेईल ते सोडून बाकी सगळी ब्रेकांना पचवावी लागते.

पहिल्या फेरीत चाकांतून टिंग टिंग असे आवाज येतील. तारा आवळताना त्यांना पीळ पडलेला असतो, तो भार येताच उलगडतो. पुढच्या काही दिवसांत रिम जराशी आउट, म्हणजे वाकडी, होते ती यामुळेच. गिअर अडखळू लागतात, कारण केबलच्या बाहेरच्या नळीची टोकं आपापल्या जागी दबून बसतात आणि आतली तार तेवढी सैल पडते. बोल्टांचंही तेच. रंगाचा थर, आट्यांवरचे सूक्ष्म उंचवटे दाबाखाली चपटे होतात. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा ताण असलेल्या बोल्टखाली दोनशेवा भाग जरी बसला, तरी पकडीचा चौथा हिस्सा गेला. बोल्ट फिरलेला नसतो, पण सैल झालेला असतो. म्हणून पहिल्या १००-१५० किलोमीटरनंतर किंवा महिन्याभरात सगळे बोल्ट पुन्हा पाहावे लागतात. सायकलवाल्याकडे गेलात तर ‘आउट काढून द्या, गिअर लावून द्या’ एवढंच सांगू नका, क्रँकचे बोल्टही आवळायला सांगा, विशेषतः डावा. पुष्कळ सायकलींत क्रँकचं चौकोनी भोक ॲल्युमिनियमचं आणि त्यातला अक्ष पोलादी असतो. ढिल्या क्रँकवर आठवडाभर चालवलं तरी भोकाचे कोपरे गोलावतात. मग बोल्ट कितीही आवळा, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हलतो आणि क्रँकच नवा घ्यावा लागतो.