कावेबाज ज्युनिअर डॉक्टर (हॉस्पिटल मालिकांमधलं पात्र)

कावेबाज ज्युनिअर डॉक्टर हे हॉस्पिटलवरच्या टीव्ही मालिकांमध्ये पुन्हा पुन्हा येणारं पात्र आहे. वय पंचविशी-तिशीचं, इंटर्न नाहीतर रेसिडेंट (म्हणजे पुढचं शिक्षण घेत हॉस्पिटलातच काम करणारा डॉक्टर), डोक्याने तल्लख, बोलायला एकदम गोड, आणि आपल्याला हवं ते समोरच्याकडून त्याला कळूही न देता करून घेणारा. किंवा करून घेणारी, कारण यातली लक्षात राहिलेली बरीच पात्रं बायकांची आहेत. मालिकेतला नेहमीचा खलनायक आला की म्युझिक वाजतं, डोळे मोठे होतात, तीनदा झूम होतो आणि घरातल्या लहान पोरालाही कळतं की हा वाईट आहे. या पात्राचं तसं नसतं. ते खरोखर चांगला डॉक्टर असू शकतं, पेशंटला वाचवू शकतं, आणि त्याच दिवशी सोबतच्या डॉक्टरचं करिअरही संपवू शकतं.

मानसशास्त्रात अशा स्वभावाला मॅकियाव्हेलिअन म्हणतात. २००२ मध्ये पॉलहस आणि विल्यम्स या दोन संशोधकांनी आत्मप्रेम, कावेबाजपणा आणि निर्दयपणा या तीन गोष्टींना मिळून 'डार्क ट्रायड' असं नाव दिलं, ते आता सगळीकडे वापरतात. पण माझ्या मते या पात्राचं खरं बळ त्याच्या स्वभावात कमी आणि हॉस्पिटलच्या रचनेत जास्त आहे, आणि हे ज्या लेखकाला कळलं त्याचंच पात्र जमतं.

बघा कसं असतं. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात एक शिडी असते, जेआर-वन, जेआर-टू, जेआर-थ्री (जेआर म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट), मग लेक्चरर, मग युनिट हेड, मग एचओडी म्हणजे विभागप्रमुख. पेशंटच्या सगळ्यात जवळ असतो तो सगळ्यात खालच्या पायरीवरचा. रक्त तो काढतो, रिपोर्टच्या मागे तो पळतो, केस पेपर तो लिहितो, नातेवाईकांना तोच सांगतो. सकाळी सर राऊंडला येतात तेव्हा पलंगापाशी दोन-तीन मिनिटं थांबतात आणि ज्युनिअर जे सांगतो ते ऐकतात. म्हणजे सरांच्या कानात जातं तेही याच्या तोंडून आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या घरच्यांच्या कानात जातं तेही याच्याच तोंडून, आणि हे दोन कान एकमेकांना सहसा भेटत नाहीत. रात्री दोनला बीपी घसरलं, फोन कुणी केला, किती वाजता केला, उचलला कुणी नाही, हे दुसऱ्या दिवशी फक्त लिहिलेल्या दोन ओळींत उरतं. त्यातली एक ओळ जरा वेगळी लिहिली की दोष दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर. खोटंही बोलावं लागत नाही, फक्त एक गोष्ट सांगायची राहिली एवढंच. कावेबाज ज्युनिअर याच फटीत राहतो. ड्युटी बदलताना एकाने दुसऱ्याला पेशंटची माहिती द्यायची असते, ओव्हर देणं म्हणतात त्याला, ती पाच मिनिटं या पात्रासाठी सोन्याची.

कुठून आलं हे पात्र

सुरुवातीच्या हॉस्पिटल मालिकांमध्ये असा डॉक्टर मुळी नव्हताच. अमेरिकेत १९६१ मध्ये 'डॉ. किल्डेअर' आणि 'बेन केसी' या दोन मालिका एकाच वर्षी सुरू झाल्या, दोन्हीत देखणा तळमळीचा तरुण डॉक्टर आणि त्याला वळण लावणारे वडीलधारे डॉक्टर. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेची, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनची, तेव्हा एक सल्लागार समिती होती, ती मालिकांच्या स्क्रिप्ट वाचून सूचना द्यायची, त्यामुळे पडद्यावरचा डॉक्टर बराच काळ देवासारखाच राहिला. १९८२ ते १९८८ चाललेल्या 'सेंट एल्सव्हेअर'मध्ये ते चित्र फाटलं. त्यातला डॉ. पीटर व्हाइट नावाचा रेसिडेंट आधी नुसता धांदरट, दया यावी असा वाटतो आणि पुढे बलात्कारी निघतो. ज्याच्यावर आपण दया केली तोच असा निघावा हा धक्का प्रेक्षकाला तोपर्यंत डॉक्टरच्या पात्राने दिला नव्हता. १९९४ ला 'ईआर' आली आणि कॅज्युअल्टीची खरी धावपळ पडद्यावर दिसली, २००५ ला 'ग्रेज ॲनाटॉमी'ने तर इंटर्न लोकांची आपसातली चढाओढ हाच मालिकेचा पाया केला.

ग्रेजमधली इझी स्टीव्हन्स कावेबाज म्हणावी अशी नाही, पण तिने केलेलं काम या विषयाच्या जवळचं आहे. २००६ च्या सीझन-शेवटाला ती आपल्या प्रियकर-पेशंटच्या हृदयाला आधार देणाऱ्या मशीनची वायर कापते, कारण तो जास्त सिरीयस झाला तर यादीत वर जाईल आणि दुसऱ्याला मिळणारं हृदय त्याला मिळेल. मिळतंही, आणि तरी तो वाचत नाही. प्रेमापोटी केलं म्हणून प्रेक्षक तिच्या बाजूने रडले, पण यादीतल्या त्या दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांच्या जागी बसून बघितलं की अंगावर काटा येतो.

अँबर वोलाकिस

या प्रकारातलं सगळ्यात पक्कं पात्र 'हाऊस' मालिकेतलं. मालिका २००४ ते २०१२ चालली, आठ सीझन. २००७ च्या चौथ्या सीझनमध्ये डॉ. हाऊसची जुनी टीम गेलेली असते आणि तो नवीन टीमसाठी चाळीस उमेदवार बोलावून एकेकाला बाहेर काढत जातो. त्यातली डॉ. अँबर वोलाकिस, काम ॲन डुडेकने केलंय. हाऊस एका रांगेतल्या सगळ्यांना आपली गाडी धुवायला सांगतो. अँबर चिडून म्हणते की हा अपमान आहे, मी चालले, आणि निघते. तिचं बघून अजून काही जण बाणेदारपणे तिच्या मागे निघतात. ते गेले, आणि ही गपचूप वळून परत आली गाडी धुवायला. कुणाला ढकललं नाही, लोक स्वतःच्या पायाने स्पर्धेबाहेर गेले. कावेबाजपणा म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर मी हा एकच सीन दाखवीन.

हाऊस तिला तोंडावर गळेकापू म्हणून शिवी घालतो, तिला त्याचं काही वाटत नाही. तिला शेवटी बाहेर काढतो तेव्हा कारण कावेबाजपणाचं देत नाही, तिला चूक ठरणं सहन होत नाही हे देतो. डॉक्टरकीत हे फार मोठं कारण आहे, निदान चुकतंच, आणि ज्याला चुकणं मान्य नाही तो चूक झाकायला लागतो. पुढे ती हाऊसच्या जवळच्या मित्राच्या, विल्सनच्या प्रेमात पडते आणि पहिल्यांदा आपल्याला तिची बाजू दिसते. दारू प्यायलेल्या हाऊसला आणायला ती जाते, दोघं असलेल्या बसचा अपघात होतो. फ्लूसाठी ती अमँटाडिन नावाची साधी गोळी घेत असते, अपघातात किडन्या निकामी झाल्यामुळे ते औषध शरीराबाहेर पडत नाही आणि त्याचंच विष होतं. मे २००८ मध्ये दाखवलेल्या त्या भागात, जिने सगळ्यांना खेळवलं तिला कुणीच काही करू शकत नाही, आणि विल्सन तिच्या शेजारी पडून राहतो. सीझनभर जिचा राग केला तिच्यासाठी मी ढसाढसा रडलेय. लेखकांनी तिला शेवटी भोळी-भाबडी केली नाही, ती जशी होती तशीच मेली, म्हणून ती लक्षात राहिली.

आपल्याकडे

दूरदर्शनवर विजया मेहतांची 'लाइफलाइन' १९९१ ला आली होती, गंभीर आणि नीट केलेली. पण हॉस्पिटल मालिका घराघरात पोचली ती २००२ ला स्टार प्लसवरच्या 'संजीवनी'ने. त्यातली डॉ. सिमरन म्हणजे आपल्याकडची या प्रकारातली गाजलेली बाई, राहुल आणि जुहीच्या मध्ये येणारी, आणि ते काम केलं होतं रुपाली गांगुलीने, जिला आज सगळे 'अनुपमा' म्हणून ओळखतात. तिने काम झकास केलं होतं यात वाद नाही, पण सिमरनचे सगळे डाव प्रेमाच्या त्रिकोणाभोवतीच फिरतात, तिचं डॉक्टर असणं कथेला फारसं लागत नाही. तिला ऑफिसात बसवलं असतं किंवा जॉइंट फॅमिलीत सून केलं असतं तरी काही बिघडलं नसतं. त्याच घराण्यातली 'दिल मिल गये' २००७ ते २०१० स्टार वनवर चालली, तिथेही इंटर्न लोकांचं प्रेम आणि रुसवेफुगवे जास्त. केस पेपर, नाईट ड्युटी, सरांचा राऊंड, हे जे हॉस्पिटलचं स्वतःचं हत्यार आहे ते आपल्या मालिकांनी नीट उचललंच नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

मराठीत वेगळीच फांदी फुटली. झी मराठीवर ऑगस्ट २०२० ला 'देवमाणूस' सुरू झाली, डॉ. अजितकुमार देवचं काम किरण गायकवाडने केलं. हा हॉस्पिटलातला नाही, गावातल्या दवाखान्यातला, आणि मुळात डॉक्टरच नाही, देवीसिंग नावाचा कंपाउंडर. पण प्रकृती तीच. गावात दुसरा डॉक्टर नाही, म्हणजे याचा शब्द तपासून बघायला कुणी नाही. आमच्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन, पानं कापत, तंबाखू भरत मालिका बघतात, हात खाली चालू आणि नजर वर. शेजारच्या आक्का देव हसला रे हसला की म्हणायच्या, "आता काय करलालाय बघ ह्यो." इंजेक्शन भरण्याआधीच त्यांना हसण्यावरून कळायचं. खोट्या गोडव्याची ही पारख प्रेक्षकाला असते, म्हणूनच पात्र फार उघडं खेळवून चालत नाही.

खऱ्या हॉस्पिटलात काय होतं

मालिकेतले डाव खऱ्यात तसेच्या तसे चालत नाहीत, कारण एकट्याच्या शब्दावर मोठी गोष्ट ठरू नये अशी सोय केलेली असते. अवयवदानाचंच घ्या. १९९४ च्या कायद्याप्रमाणे ब्रेन डेड ठरवायला चार डॉक्टरांचं बोर्ड लागतं, तपासणी दोनदा, मध्ये सहा तासांचं अंतर, आणि अवयव बसवणाऱ्या टीममधला डॉक्टर त्या बोर्डात चालत नाही. अवयव कुणाला जाणार हे हॉस्पिटलातला कुणी एक माणूस ठरवत नाही, सोलापूर यासाठी पुण्याच्या झेडटीसीसीखाली, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या विभागीय समितीखाली येतं आणि यादी तिथून चालते. म्हणजे इझीसारखं करायचं म्हटलं तर एक वायर कापून भागणार नाही. केस पेपरचंही तसंच, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असं लिहिलेलं आहे. हे फार कमी नातेवाईकांना माहीत असतं, मागायचा धीर तर त्याहून कमी लोकांना होतो. देवीसिंगसारख्यांसाठी १९६१ चा महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट आहे, त्यातल्या कलम ३३ खाली बोगस डॉक्टरवर गुन्हा दाखल होतो.

बाकी खरे ज्युनिअर डॉक्टर बहुतेक वेळा कावा करण्याइतके जागेच नसतात. सलग ड्युटी करून खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली पोरं मी डोळ्यांनी बघितलीत, हातात पेन तसंच.

सोलापूरच्या नजरेने

सोलापुरात तरुण डॉक्टर म्हटलं की आधी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. जन्म इथला, १० ऑक्टोबर १९१०. १९३८ ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय अवघं बत्तीस. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. १९४६ ला व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीस स्वतःच साकारले. म्हणजे पडद्यावरच्या तरुण डॉक्टरचं एक टोक आमच्या गावचं आहे, आणि मला नेहमी वाटतं की दुसरं टोकही इथे चांगलं लिहिता येईल.

कारण इथे भाषा आहेत. शहरात १९६३ पासून मेडिकल कॉलेज आहे, सिव्हिलला आणि बाकीच्या दवाखान्यांत अक्कलकोट, तुळजापूर, मंगळवेढा तर झालंच, पण कर्नाटकातून इंडी, आळंद, अफझलपूरचे कन्नड बोलणारे पेशंटही येतात. पूर्व भागातल्या म्हाताऱ्या माणसांना तेलुगूच जवळची. आणि रेसिडेंट नीट परीक्षेतून कुठूनही आलेला, जळगावचा नाहीतर नागपूरचा, त्याला यातलं काही येत नाही. मग मधे कुणीतरी लागतंच. तिन्ही भाषा येणारा एखादा लोकल ज्युनिअर कल्पून बघा, सरांना इंग्रजीत एक, मुलाला मराठीत दुसरं, आजीला कन्नडमध्ये तिसरंच सांगणारा. तिघंही त्याच्यावर खूश, आणि तिघांकडे वेगवेगळी गोष्ट. अँबरलाही एवढी सोय नव्हती.

माझी मावशी ॲडमिट होती तेव्हा शेजारच्या पलंगावर इंडीकडची एक आजी होती, पायाचं ऑपरेशन झालेली. राऊंड झाला, सर इंग्रजीत चार वाक्यं बोलले, ज्युनिअरने केस पेपरवर लिहिलं, सगळे पुढे गेले. आजीने वॉर्डात काम करणाऱ्या मावशींचा पदर धरला, "डॉक्टर एन अंद्रू?" म्हणजे डॉक्टर काय म्हणाले? मावशींच्या हातात बेडपॅन होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, तशाच धावत जाऊन ज्युनिअरला परत बोलावून आणलं, म्हणाल्या, "मला समजलं नाय सर, तुम्हीच परत सांगा, मी एकेक शब्द सांगते हिला." आणि तो बिचारा परत आला, पलंगाच्या कडेवर टेकला, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.