ड्रॉइंगमध्ये नसलेला बिंदू

सीएनसी लेथच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातकाम यंत्राच्या, पडद्यावर जॉबचे (घडवायच्या वस्तूचे) चित्र काढले की यंत्र ते चित्र पाहून धातू कापते, असा समज बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या, घरातले कोणी ना कोणी कारखान्यात जाणाऱ्या कुटुंबांतही सर्रास आढळतो. अलीकडे त्याला आणखी एक जोड मिळाली आहे. ड्रॉइंगचा मोबाइलने फोटो काढावा, तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली करावा आणि तयार प्रोग्राम घ्यावा. मग भूमिती शिकायची गरजच काय, असे अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या मुलांचे पालक विचारतात. पडद्यावर काढलेली बाह्यरेषा, जिला कारखान्यात प्रोफाइल म्हणतात, ती वस्तुतः समीकरणांची साखळी असते, आणि ती सोडवताना काही ठिकाणी निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. हे कसे घडते ते एका साध्या शाफ्टवर, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्यावर, नीट पाहता येते.

समजा, शाफ्टचा व्यास ४० मिलिमीटर आहे. उजव्या टोकापासून, म्हणजे जेथे झेड अक्षाचा शून्य धरला आहे तेथून, तो काही अंतर सरळ जातो. मग अक्षाशी ३० अंशांचा कोन करणारा टेपर, म्हणजे तिरका भाग, चढतो आणि टोकापासून ७० मिलिमीटरवर व्यास ६० होतो. सरळ भाग आणि टेपर यांच्या सांध्यात १२ मिलिमीटर त्रिज्येचा कंस दिलेला आहे, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो आणि फिरत्या शाफ्टला तडा बहुधा अशाच जागी जाऊ लागतो. ड्रॉइंगवर एवढीच मापे असतात: ४०, ६०, ७०, ३० अंश आणि आर १२. शाफ्टचा आकार निश्चित करायला ती पुरेशी आहेत. यंत्राला मात्र ती पुरत नाहीत. यंत्राच्या प्रोग्राममधली प्रत्येक ओळ ‘अमुक बिंदूपर्यंत सरळ जा’ किंवा ‘अमुक बिंदूपर्यंत अमुक त्रिज्येने वळ’ अशी असते, आणि सरळ भाग संपून कंस जेथे सुरू होतो तो स्पर्शबिंदू ड्रॉइंगवर कोठेच लिहिलेला नसतो. यात ड्रॉइंग काढणाऱ्याचा दोष नाही. तेथे रेषा कंसात इतकी अलगद मिसळते की वर्नियरचा जबडा टेकवायला कडाच सापडत नाही, आणि जे मापता येत नाही त्याचे माप लिहिण्यात अर्थ नसतो.

ड्रॉइंग बोर्डावर शिकलेल्यांना हा बिंदू शोधण्याची रीत ठाऊक असते. दोन्ही रेषांना १२ मिलिमीटर अंतरावर समांतर रेषा काढायच्या. त्या जेथे छेदतात ते कंसाचे केंद्र. केंद्रापासून मूळ रेषांवर लंब टाकले की दोन स्पर्शबिंदू मिळतात. पट्टी आणि कंपास यांची ही विद्या बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले तेव्हापासून तंत्रशिक्षण हे या शहराच्या ओळखीचा भाग आहे. अडचण अचूकतेची आहे. पेन्सिलच्या रेषेची जाडीच अर्धा मिलिमीटर असते आणि लेथला मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंतचा आकडा हवा असतो. म्हणून कागदावरची हीच रचना त्रिकोणमितीने सोडवावी लागते.

टेपरची रेषा ४० व्यासाच्या रेषेपर्यंत वाढवली तर दोन्ही एका काल्पनिक कोपऱ्यात मिळतात. व्यास २० ने वाढतो, म्हणजे त्रिज्या १० ने वाढते. १० ला ३० अंशांच्या टॅनने भागले की १७.३२१ येतात, म्हणून कोपरा टोकापासून ५२.६७९ वर असतो. त्या कोपऱ्यापासून प्रत्येक स्पर्शबिंदूचे अंतर म्हणजे त्रिज्या गुणिले निम्म्या कोनाचा टॅन, म्हणजे १२ गुणिले टॅन १५ अंश, अर्थात ३.२१५. पहिला स्पर्शबिंदू त्यामुळे ४९.४६४ वर येतो, दुसरा ५५.४६४ वर, आणि तेथील व्यास ४३.२१५. प्रोग्रामच्या ओळी मग अशा होतात (जी०१ म्हणजे सरळ जा, जी०२ म्हणजे वळ; एक्स हा व्यास, झेड हे टोकापासूनचे अंतर): जी०१ झेड-४९.४६४, जी०२ एक्स४३.२१५ झेड-५५.४६४ आर१२, जी०१ एक्स६० झेड-७०. तीन ओळींसाठी एवढे गणित, आणि खऱ्या जॉबच्या प्रोफाइलमध्ये असे वीस-पंचवीस घटक सहज असतात.

यंत्राच्या नियंत्रकातील, म्हणजे ते चालवणाऱ्या संगणकातील, प्रोफाइल काढण्याची सोय हे गणित स्वतः करते, पण ते वरच्या क्रमाने करत नाही. तिची रीत अधिक व्यापक आहे आणि मला या विषयात तीच सर्वांत सुंदर वाटते. आरंभबिंदू माहीत असेल तर सरळ रेषेला दोनच स्वातंत्र्ये असतात: कोणत्या दिशेने जायचे आणि किती जायचे. कंसाला तीन असतात: निघताना दिशा कोणती, त्रिज्या किती आणि किती अंश वळायचे. आपल्या शाफ्टमध्ये रेषा, कंस, रेषा असे तीन घटक आहेत; दोन अधिक तीन अधिक दोन, म्हणजे सात अज्ञाते. आता अटी मोजू. पहिली रेषा अक्षाला समांतर आहे, ही एक. कंस तिला स्पर्श करून निघतो, ही दुसरी. त्रिज्या १२, ही तिसरी. टेपर कंसाला स्पर्श करतो, ही चौथी. टेपरचा कोन ३० अंश, ही पाचवी. शेवटच्या बिंदूचा व्यास ६० आणि त्याचे अंतर ७०, या सहावी आणि सातवी. सात अज्ञाते, सात अटी. म्हणून आकार निश्चित होतो.

पडद्यावर पहिली रेषा टाकताना ऑपरेटर फक्त ‘समांतर’ एवढेच सांगतो आणि लांबीची जागा रिकामी सोडतो. मग कंस टाकतो, ‘आधीच्या घटकाला स्पर्श’ हे बटण दाबतो, त्रिज्या भरतो आणि शेवटचा बिंदू पुन्हा रिकामा ठेवतो. या क्षणी नियंत्रकाला दोन्ही घटक कोठे संपतात हे ठाऊक नसते आणि तो तसे गृहीतही धरत नाही. टेपरचा कोन भरला की कंस ३० अंश वळतो हे कळते, कारण स्पर्शाच्या दोन अटींमुळे कंसाने शून्य अंशापासून ३० अंशांपर्यंतच वळायला हवे. उरतात दोन लांब्या. शेवटच्या बिंदूचे दोन आकडे भरले की दोन समीकरणे मिळतात: टेपरच्या लांबीचा अर्धा भाग अधिक कंसाने मिळवलेली १.६०८ ची चढण मिळून १० व्हायला हवेत, म्हणून टेपरची लांबी १६.७८५, आणि अक्षाच्या दिशेने टेपरचे १४.५३६ व कंसाचे ६ वजा केले की ७० पैकी ४९.४६४ पहिल्या रेषेकडे उरतात. शेवटच्या घटकाला दिलेली माहिती अशी साखळीतून मागे जाऊन पहिल्या घटकाची लांबी ठरवते. घटकांमधील नाती सांगावीत आणि बिंदू यंत्राने शोधावेत, ही कल्पना संगणकाच्या पडद्यावर प्रथम ठसठशीतपणे दाखवली ती आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये, एमआयटीतील आपल्या स्केचपॅड या प्रबंधात.

सातच्या जागी सहा अटी दिल्या तर एकच आकार निश्चित होत नाही, अनंत शक्यता उरतात, आणि नियंत्रक तो घटक अपुरा म्हणून दाखवतो. हायडेनहाइन या कंपनीच्या काही नियंत्रकांवर असा घटक लाल दिसतो. आठ दिल्या, म्हणजे समजा सरळ भागाची लांबी ४९.५ हीसुद्धा ड्रॉइंगवर कोणी लिहिली, तर मापे परस्परविरोधी ठरतात आणि नियंत्रक ती नाकारतो. अशा वेळी एखादे माप गुपचूप गाळून पुढे जाणे चुकीचे आहे. ड्रॉइंग काढणाऱ्यालाच विचारले पाहिजे, कारण कोणते माप महत्त्वाचे आणि कोणते केवळ परिणामी, हे त्यालाच ठाऊक असते.

अज्ञाते आणि अटी जुळल्या तरी उत्तर एकच असते असे मात्र नाही. वर्तुळाचे समीकरण वर्गसमीकरण आहे आणि वर्गसमीकरणाला दोन मुळे असतात, हे आपण शाळेत शिकतो. एका लिव्हरच्या टोकाला ३० व्यासाचा गोल आहे आणि तो १८ व्यासाच्या मानेला मिळतो, असे समजा. गोलाची त्रिज्या १५, मानेची ९. पायथागोरसने १५ च्या वर्गातून ९ चा वर्ग वजा केला की १४४ उरतात, म्हणून गोल आणि मान यांचा छेद केंद्रापासून १२ मिलिमीटरवर येतो. पण कोणत्या बाजूला? टोक शून्यावर आणि केंद्र १५ वर असेल तर एक छेद ३ वर येतो आणि दुसरा २७ वर. गणिताच्या दृष्टीने दोन्ही तितकेच खरे आहेत. २७ निवडला तर हवा तो गोल मिळतो. ३ निवडला तर गोल नाहीसा होऊन १८ व्यासाची, पुढून किंचित फुगीर अशी पिन तयार होते. म्हणूनच नियंत्रक दोन्ही आकार पडद्यावर आळीपाळीने दाखवून ऑपरेटरला निवडायला लावतो. वर्तुळे वाढली की शक्यता वाढतात. तीन वर्तुळांना स्पर्श करणारे वर्तुळ शोधण्याचा जो प्रश्न पर्गाच्या अपोलोनियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हाताळला, त्याला आठपर्यंत उत्तरे असतात.

आकड्यांनी चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक एमआयटीने १९५२ मध्ये दाखवले, आणि डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली त्याच दशकाच्या अखेरीस एपीटी ही प्रोग्रामिंगची भाषा तयार झाली. तेव्हा पडद्यावर चित्र नव्हते, तरी दोन उत्तरांचा प्रश्न होताच. तो सोडवण्यासाठी त्या भाषेत ‘एक्सलार्ज’, ‘वायस्मॉल’ असे शब्द होते, म्हणजे दोन उत्तरांपैकी ज्याचा एक्स मोठा किंवा वाय लहान ते घ्यावे. पडद्याने हा निर्णय सोपा केला, पण रद्द केला नाही. फोटोवरून प्रोग्राम देणाऱ्या साधनांविषयी मला हेच म्हणायचे आहे. ते आकडे उत्तम वाचतील; पण हा सांधा खरोखर स्पर्शाचा आहे की जवळपास तसा दिसणारा कोपरा आहे, हे ड्रॉइंगवर शब्दांत लिहिलेले नसते, आणि ज्याने अटी मोजल्या नाहीत त्याला साधनाचे उत्तर तपासताही येणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. खंडेनवमीला दांडिया बाजारातल्या मराठी घरांत अवजारांची पूजा होते आणि दसऱ्याला कारखान्यांतल्या लेथना झेंडूचे हार पडतात. अवजारांविषयीची ही कृतज्ञता मला मनापासून आवडते. परंतु टूल चकला, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागाला, धडकले की यंत्राला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधणे आणि प्रोग्राम न तपासता पुन्हा चालू करणे, ही कृतज्ञता नव्हे. धडकेचे कारण जवळजवळ नेहमी एखाद्या आकड्यात सापडते: चुकीचा ऑफसेट (टूलच्या जागेची नोंदवलेली दुरुस्ती), उलटे चिन्ह, किंवा दोन उत्तरांपैकी चुकीचे निवडलेले उत्तर. ते शोधले नाही तर पुढच्या जॉबला तेच होते आणि प्रसंगी ऑपरेटरला इजा होते.

प्रोफाइल अचूक सोडवले तरी टूलचा आकार शिल्लक राहतो. इन्सर्टचे, म्हणजे टूलवर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याचे, टोक बिंदू नसते, त्याला ०.४ किंवा ०.८ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई असते. प्रोग्राम मात्र एका काल्पनिक टोकासाठी लिहिलेला असतो. सरळ व्यासावर आणि फेसवर (अक्षाला लंब असलेल्या सपाट पृष्ठभागावर) हे काल्पनिक टोक आणि खरी गोलाई एकाच रेषेवर येतात, म्हणून तेथे माप बरोबर लागते. टेपरवर तसे होत नाही. ३० अंशांच्या टेपरवर ०.८ त्रिज्येचे टोक भरपाईविना चालवले तर रेषेच्या लंब दिशेने ०.२९३ मिलिमीटर धातू उरतो, म्हणजे व्यास सुमारे ०.६८ मिलिमीटर मोठा येतो. व्यास ४० बरोबर, लांबी बरोबर आणि टेपर तेवढा चुकलेला, असा गोंधळात टाकणारा जॉब दिसला की प्रथम हीच शंका घ्यावी. जी४२ हा आदेश दिला की नियंत्रक टोकाच्या गोलाईचे केंद्र प्रोफाइलपासून ०.८ अंतर राखून चालवतो. आपला १२ त्रिज्येचा खोलगट कंस मग केंद्राच्या मार्गात ११.२ त्रिज्येचा होतो. खोलगट कंस टोकाच्या गोलाईपेक्षा लहान असेल तर असा मार्गच अस्तित्वात नसतो आणि नियंत्रक अलार्म देतो.

चित्ररूप प्रोफाइलचा खरा फायदा टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, वेळी दिसतो. ४० व्यासावर जी६ ही मर्यादा (हा प्रोग्रामचा आदेश नव्हे, टॉलरन्सचा वर्ग) असेल तर व्यास ३९.९९१ आणि ३९.९७५ यांच्या दरम्यान हवा, म्हणून प्रोफाइलमध्ये ४० न लिहिता मधला ३९.९८३ लिहितात. व्यास एवढासा बदलला तरी टेपर त्याला वेगळ्या जागी मिळतो, आणि पहिला स्पर्शबिंदू ४९.४६४ वरून ४९.४४९ वर सरकतो. हाताने आकडेमोड केलेल्या प्रोग्राममध्ये व्यास दुरुस्त होतो आणि स्पर्शबिंदू जुनाच राहतो. मग कंस रेषेला स्पर्श न करता तिला बारीक कोनात छेदतो आणि ज्या सांध्यावरचा ताण कमी करायचा होता तेथेच खाच उमटते. प्रोफाइलमध्ये नाती साठवलेली असतील तर एक आकडा बदलताच सर्व बिंदू नव्याने सोडवले जातात. एवढेच पाहावे लागते की सर्व मापांचे मध्य प्रोफाइल काढण्यापूर्वी काढून ठेवले आहेत आणि ज्या मापांना मर्यादा नाही ती तशीच भरली आहेत.