मक्याचं हार्वेस्टर म्हणजे नक्की कोणतं? दाणे काढणारं की कुट्टी करणारं?

परवा संध्याकाळी घणसोलीला ठाणे लोकल पकडली, सोबत ऑफिसातला मित्र होता, त्याने मोबाईल पुढे केला, म्हणे हे कंबाईन बघ, अख्खा मळा कसा साफ करतंय. व्हिडिओत एक मोठं मशीन उभ्या मक्यात घुसत होतं आणि डोक्यावरच्या वाकड्या नळीतून बाजूने चालणाऱ्या ट्रॉलीत हिरवा फवारा सोडत होतं. मी म्हटलं अरे हे कंबाईन नाही, कुट्टीचं मशीन आहे, त्या फवाऱ्यात दाणा वेगळा नाहीच, पान, ताट म्हणजे खोड, कणीस सगळं एकत्र बारीक होऊन चाललंय. तो म्हणाला मका कापतंय ना, मग हार्वेस्टरच की. घणसोली ते ठाणे एवढ्या वेळात हे समजावून होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहून काढतोय.

मला हे एवढं लागतं कारण मागच्या ऑक्टोबरमध्ये ह्याच एका शब्दापायी मामाचं नुकसान झालं. मामाचा येवला तालुक्यात ३ एकर मका. सोंगणीला मजूर मिळेना म्हणून त्याने फोन केला की तुमच्या कोपरखैरण्यात अर्धी बिल्डिंग गावाकडची आहे, कोणाकडे नंबर असेल तर हार्वेस्टर बघ. मी ओळखीतून नंबर काढला, "मक्याला हार्वेस्टर पाहिजे" म्हटलं, समोरचा येतो म्हणाला, रेट ठरला, दिवस ठरला. आणि तो आला ट्रॅक्टरला जोडलेलं कुट्टीचं मशीन आणि ट्रॉली घेऊन. मामाचा मका तर वाळून खडखडीत, कणसावरची सालं पांढरी पडलेली. माणूस सरळ होता, त्याने बांधावरचं एक कणीस सोललं, दाणा दाताखाली धरला आणि म्हणाला मामा, हा दाण्याचा मका झालाय, ह्याची कुट्टी केली तर दाणाही जाईल आणि मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, तोही होणार नाही. चूक त्याची नव्हती, मामाचीही नव्हती, दोघं एकच शब्द वापरत होते आणि डोळ्यासमोर दोन वेगळी मशीन होती. दुसरं मशीन शोधण्यात ४ दिवस गेले, त्यात परतीचा पाऊस आला, कणसात पाणी शिरलं आणि टोकाकडचे दाणे काळे पडले.

तर आधी कंबाईन. खळ्यावर जी ३ कामं वेगवेगळी व्हायची, कापणी, मळणी आणि उफणणी, ती ह्यात चालता चालता एकत्र होतात, नावच त्यावरून पडलंय. गव्हाला आणि सोयाबीनला पंजाबची मशीन येतात ना, ती हीच. पण गव्हाचं मशीन जसंच्या तसं मक्यात घालायचं नसतं. गव्हाला पुढे आडवं कापणारं पातं असतं, ते मक्याला लावलं तर अख्खी ताटं मशीनच्या पोटात जातात, मशीनवर लोड येतो आणि कणसं पुढच्या पुढेच खाली पडतात. मक्याला वेगळं हेड, म्हणजे मशीनचा पुढे जोडायचा भाग, लागतो. त्याला पुढे लांब टोकदार शंकू असतात, ते दोन ओळींच्या मध्ये शिरून ताटांना वाट करून देतात, शंकूंच्या मध्ये खाली दोन रोलर जोरात फिरत असतात, ते ताट पकडून सरळ खाली खेचतात, आणि रोलरच्या वर दोन लोखंडी पट्ट्या असतात ज्यांच्यामधली फट साधारण सव्वा इंच. ताट त्या फटीतून खाली जातं, कणीस जाड असल्यामुळे जात नाही, वर अडकतं आणि तुटतं. मी हे बांधावर उभं राहून पाहिलंय, इंजिनचा एवढा आवाज असतो तरी त्यातून कणसं मोडल्याचा टकटकटक आवाज वेगळा येतो. म्हणजे बघा, हे मशीन मक्याचं ताट कापतच नाही, खाली खेचून फक्त कणीस ठेवून घेतं.

तिथून कणसं साखळीने मागे जातात, पोटात मोठा ड्रम फिरतो आणि त्याच्याखाली गजांची जाळी असते, कणीस दोघांच्या मध्ये घासलं जाऊन सालं निघतात, दाणे सुटतात आणि जाळीतून खाली चाळण्यांवर पडतात. पंखा खालून वारा मारतो, कचरा उडून जातो, स्वच्छ दाणा वरच्या टाकीत चढतो. रिकामी कणसं आणि सालं मागून शेतातच पडतात. टाकी भरली की लांब नळी बाहेर काढून ट्रॉलीत दाणे ओतायचे, आणि ते पिवळे पडतात, हिरवे नाही. व्हिडिओत ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

आता वेळेचं. वडील वाशीच्या दाणा मार्केटला माथाडी होते, मक्याची गोणी पाठीवर घेतली की वजनावरूनच ओल्या मालाचा अंदाज यायचा असं ते सांगतात, आणि दाणा दाताखाली घेऊन कट्ट आवाज आला तरच माल वाळलेला मानायचा. हमीभावाच्या खरेदीत ओलावा १४ टक्क्यांपर्यंत चालतो. पण कंबाईन १४ ची वाट बघत नाही. दाणा पक्का झाला की त्याच्या टोकाला, जिथून तो कणसाला चिकटलेला असतो तिथे, काळा थर येतो, नखाने खरवडलं की दिसतो. तेव्हा दाण्यात ३० ते ३५ टक्के पाणी असतं, म्हणजे दाणा भरला पण वाळला नाही. मग उभ्या पिकात वाळू द्यायचा आणि २० ते २५ टक्क्यांच्या आसपास मशीन घालायचं. त्याहून ओला घातला तर दाणे चेचतात, फार वाळू दिला तर कणसं गळतात आणि हेडवर आपटून दाणे उडतात. अमेरिकेत २० टक्क्यांच्या वर काढून थेट ड्रायरमध्ये टाकतात, आपल्याकडे बहुतेकांकडे ड्रायर म्हणजे ताडपत्री आणि ऊन, त्यामुळे आपण थोडं आणखी थांबतो ते बरोबरच आहे, फक्त पावसाचा अंदाज बघून. आणि वजनाचा हिशोब आधीच करून ठेवा, २४ टक्के ओलाव्याचा १ क्विंटल मका १४ टक्क्यांवर वाळला की साधारण ८८ किलोच भरतो, ह्यात व्यापाऱ्याने काही खाल्लेलं नसतं, ते पाणी गेलेलं असतं.

अजून एक, मशीन गेल्यावर मागे वाकून बघा. तारेची १ फूट बाय १ फूट चौकट करा, मशीनमागे चार-पाच ठिकाणी टाका आणि आतले दाणे मोजा. सरासरी २ दाणे आले तर एकरी साधारण २५ किलो मका जमिनीवर गेला. २०२५-२६ च्या क्विंटलला २४०० रुपये हमीभावाने धरलं तर एकरी ६०० रुपये. दोनच दाणे! चौकटीत ८ दाणे दिसले तर ड्रायव्हरला तिथेच थांबवा, ड्रमचा स्पीड, जाळीचं अंतर, वारा, काहीतरी सेट करायचं राहिलंय. आपण रेटवरून अर्धा तास घासाघीस करतो आणि हे कोणी बघत नाही, मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

ओळींचं अंतर पण विचारून घ्या. परदेशी हेड ३० इंचाच्या म्हणजे ७६ सेंमीच्या ओळींसाठी असतं, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ६० सेंमीवर पेरतात. अंतर जुळलं नाही की शंकू ओळीच्या मध्ये न जाता ताटावरच चढतो आणि कणसं मातीत. मशीनने काढायचं असेल तर ही गोष्ट जूनमध्ये पेरतानाच ठरते.

आता कुट्टीचं मशीन. ह्याला दाणा वेगळा करायचाच नसतो. हे अख्खं झाड जमिनीपासून वीतभर वर कापतं, रोलर ते दाबून आत ढकलतात, आणि आत पात्यांचा ड्रम असतो तो एक ते दोन सेंटीमीटरचे तुकडे करतो. मोठ्या मशीनमध्ये पुढे आणखी दोन दातेरी रोलर असतात, मध्ये १ ते ३ मिलिमीटरची फट, त्यात प्रत्येक दाणा फुटतो. हे फार महत्त्वाचं आहे कारण अख्खा दाणा गायीच्या पोटातून तसाच शेणात बाहेर पडतो, पीठ असून उपयोग नाही. मग हवेच्या झोताने सगळं नळीतून ट्रॉलीत. ह्या मशीनला स्वतःची टाकी नाही, त्यामुळे ट्रॉली नाही तर मशीन उभं. चांगल्या मशीनला पुढच्या रोलरमध्ये धातू ओळखणारा सेन्सर असतो, तारेचा तुकडा आला की रोलर जागच्या जागी थांबतात. पाती वाचतात हे एक, पण खरं म्हणजे ती तार गायीच्या पोटात जाऊन जीव घेऊ शकते. आपल्याकडची ट्रॅक्टरवरची छोटी एक ओळीची मशीन ह्यातलं फार काही देत नाहीत, त्यामुळे कुंपणाकडेच्या ओळी आधी हाताने बघून घ्याव्यात.

ह्याची वेळ कंबाईनच्या कितीतरी आधी येते. कंबाईनला वाळलेला दाणा हवा, ह्याला हिरवं झाड हवं, अख्ख्या झाडात ६५ ते ७० टक्के पाणी असताना. जातीप्रमाणे फरक पडतो, पण साधारण ८०-९० दिवस. बघायची पद्धत अशी: कणीस मधोमध मोडायचं, टोकाकडचा तुकडा हातात धरायचा आणि मोडलेल्या बाजूच्या दाण्यांकडे बघायचं. दाण्याच्या वरच्या अंगाला घट्ट पिवळा भाग दिसतो आणि खाली दुधाळ, मध्ये स्पष्ट रेष. ती रेष दाण्याच्या अर्ध्यावर किंवा थोडी खाली आली की मशीन बोलवा. ठाण्यात तलावपाळीवर आपण जे भाजलेलं कणीस खातो ते ह्याहूनही कोवळं, आणि मामाचं वाळलेलं कणीस ह्याच्या खूप पुढे गेलेलं. म्हणून तो कुट्टीवाला परत गेला ते बरोबरच केलं त्याने.

कारण मुरघास म्हणजे नुसती कापून ठेवलेली वैरण नाही. कुट्टी खड्ड्यात किंवा बॅगेत दाबून दाबून भरतात, हवा काढून टाकतात आणि तोंड बंद करतात, मग आतले जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, सामू ४ च्या आसपास येतो आणि चारा लोणच्यासारखा टिकतो. साधारण ४५ दिवसांनी उघडायचा. झाड वाळलेलं असेल तर कुट्टी दबत नाही, मध्ये हवा राहते आणि बुरशी धरते. फार ओलं असेल तर पाणी गळतं आणि घाण वास येतो. मूठभर कुट्टी घट्ट दाबून मूठ उघडायची, पाणी न गळता गोळा हळूहळू सुटला की माप बरोबर. भिवंडीकडे एका तबेल्यात मी एकदा ताजी उघडलेली बॅग हातात घेऊन बघितली, आंबट-गोड वास, रंग पिवळसर हिरवा, आणि म्हशी आवाज ऐकूनच गव्हाणीकडे वळल्या होत्या.

आता खरा प्रश्न मागे काय उरतं ह्याचा. कुट्टीवाल्याने शेत साफ होतं, दाणाही गेला, चाराही गेला, पण दोन्ही जनावराच्या पोटात गेले. कंबाईनने दाणा मिळतो, पण ताटं रोलरने चेंदामेंदा होऊन मातीत पडतात, ती गोळा करून गोठ्यात घालण्यासारखी राहत नाहीत. हाताने कणसं मोडली की मामाला ताटाची वैरण मिळायची, ती कंबाईनने बंद होते, आणि ज्याच्या दारात दोन गायी आहेत त्याने रेटमध्ये हे धरायलाच हवं. ज्याच्याकडे जनावर नाही त्याला माझ्या मते कंबाईनच बरं, तो पालापाचोळा जमिनीला परत मिळतो. फक्त कणसं तोडून सालं काढणारं, दाणे न काढणारं असं तिसरंही मशीन असतं, त्यानंतर मळणी वेगळी करावी लागते, ते तूर्तास सोडून देऊ.

एक गोष्ट मात्र दोन्ही मशीनला लागू आहे आणि ती घरातल्या पोरांना सांगा. हेडमध्ये ताटं अडकली तर इंजिन चालू ठेवून हाताने ओढायची नाहीत. कंबाईनचे रोलर सेकंदाला साधारण १२ फूट वेगाने ताट खेचतात, अडकलेलं ताट सुटलं की हात सोडायचं आपल्या डोक्यात येईपर्यंत हात आत गेलेला असतो. इंजिन बंद, चावी खिशात, सगळं फिरायचं थांबलं की मगच जवळ जायचं. कुट्टीचा ड्रम तर बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतो.

ह्या वर्षी मामाने १ एकर मुरघासला आणि २ एकर दाण्याला असं पेरतानाच वेगळं केलंय, दाण्याच्या ओळी कंबाईनवाल्याला विचारून त्याच्या हेडच्या अंतराने. मागच्या आठवड्यात ऐरोली स्टेशनवर होतो तेव्हा त्याचा फोन आला, म्हणाला कणीस मोडून बघितलं, रेष अर्ध्यावर आलीय. मी मोबाईलमध्ये शोधलं, आता दोन वेगळे नंबर आहेत, एक "मका कुट्टीवाला" आणि एक "मका दाणेवाला", पहिल्याला फोन लावला आणि आधी त्यालाच विचारलं, दादा तुमचं कुट्टीचंच मशीन ना?